पालिकेची नवी इमारत कशी असावी? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव आणि धुळे या दोन महापालिका, शिवाय नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा अशा कितीतरी नगरपालिका. यांपैकी कुठे ना कुठे नव्या प्रशासकीय इमारतीची चर्चा कायम चालू असते. मी आर्किटेक्ट आहे आणि काम खान्देशातच करतो. त्यामुळे नगरसेवक, निवृत्त शिक्षक, दुकानदार, अभियांत्रिकीची मुले असे अनेक जण नकाशाचे फोटो पाठवतात आणि विचारतात, ‘हे बरोबर आहे का?’ पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा फक्त क्रमांक दिला आहे.

१. पालिकेच्या इमारतीत नेमके काय काय लागते?

ढोबळमानाने चार भाग लागतात. पहिला लोकांचा: घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू दाखले, विवाह नोंदणी, बांधकाम परवानगी, आवक-जावक. दुसरा कर्मचाऱ्यांचा: लेखा, आस्थापना, बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, नगररचना. तिसरा लोकप्रतिनिधींचा: सभागृह, समित्यांच्या खोल्या, पदाधिकाऱ्यांची दालने. चौथा दप्तराचा, आणि नकाशात नेमका तोच शेवटी आठवतो (प्रश्न १२).

नकाशा हातात आला की मी आधी पहिला भाग शोधतो. पालिकेत रोज येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे काम पाच-सहा खिडक्यांवरच असते. त्या खिडक्या मुख्य दारापासून किती पावलांवर आहेत, यावरून नकाशा कोणाला समोर ठेवून काढला ते कळते.

२. नवी इमारत खरेच हवी का? जुनी दुरुस्त होत नाही?

आधी संरचनात्मक परीक्षण करून घ्या, मग बोला. तीस वर्षांवरच्या इमारतीचे असे परीक्षण व्हायलाच हवे. अहवालात सळई गंजली आहे की नुसते प्लास्टर सुटले आहे, हे स्पष्ट येते. काळ्या दगडाच्या जाड भिंती आणि सागवानी तुळयांची जुनी इमारत गळकी दिसली, तरी अनेकदा तिचे छप्परच तेवढे थकलेले असते. अशी इमारत पाडू नये. तिथे वाचनालय किंवा दप्तरखाना करून नवे कार्यालय शेजारी उभारता येते. खाती दुप्पट झाली, वाहने ठेवायला जागा नाही, जिन्याशिवाय वर जाता येत नाही, ही नव्या इमारतीची खरी कारणे आहेत. रंग उडाला हे कारण नव्हे.

३. जागा कुठे असावी? गावात मिळत नाही म्हणून हायवेला नेतात, ते चालेल का?

शक्यतो नको. बसस्थानक, बाजार आणि तहसील कचेरी यांच्यापासून चालत जाता येईल, अशीच जागा शोधावी. हायवेची जागा मोठी आणि कागदोपत्री स्वस्त असते. पण घरपट्टीची पावती घ्यायला आलेल्या म्हातारबाबांना दोन्ही वेळचे रिक्षाभाडे पडते. तो खर्च अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही आणि पुढची पन्नास वर्षे लोक तो भरत राहतात.

धुळ्याचे उदाहरण इथे उपयोगी आहे. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले आणि नवी पेठ सरळ, काटकोनी रस्त्यांवर बसवली. गल्ल्यांना आजही तिथे नंबर आहेत. अशा आखणीत एखादी सार्वजनिक इमारत रस्त्याच्या टोकाला ठेवली, तर ती लांबून दिसते आणि पत्ता विचारावा लागत नाही. गावठाणात वाकडेतिकडे रस्ते असतील तर इमारतीपुढे मोकळे पटांगण सोडावे. मोर्चा, ध्वजवंदन, लसीकरणाची रांग, सगळे तिथेच होते.

निवडलेली जागा विकास आराखड्यात मैदान किंवा बगिच्यासाठी राखीव असेल, तर आधी प्रश्न १७ वाचा.

४. किती मजले असावेत?

जळगाव महापालिकेची सतरा मजली इमारत साऱ्या खान्देशाला ठाऊक आहे. लांबून दिसते, शहराची खूण झाली आहे, याचा जळगावकरांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण उंच इमारतीत प्रत्येक काम लिफ्टवर येऊन थांबते. वीज गेली, लिफ्ट दुरुस्तीला निघाली, की दहाव्या मजल्यावरचे खाते लोकांसाठी बंदच होते. शिवाय आगीचे नियम कडक होतात (प्रश्न १६) आणि देखभालीचा खर्च कायमचा मागे लागतो.

पन्नास हजार ते दोन लाख वस्तीच्या गावाला तळमजला आणि वर दोन किंवा तीन मजले पुरतात. उंच जायचेच असेल, तर लोकांची सगळी खाती तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर ठेवावीत. वर फक्त ज्यांच्याकडे बाहेरचे माणूस क्वचित जाते ती खाती न्यावीत.

५. रांगेसाठी वेगळी जागा कशाला? व्हरांडा असतोच ना.

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका गावच्या पालिकेत कामानिमित्त गेलो होतो. इमारत नवीच होती. दाखल्याच्या खिडक्या बाहेरच्या बाजूला, पश्चिमेकडे तोंड करून. वर जेमतेम एक फुटाचा छज्जा. दुपारचे तीन वाजलेले. रांगेतल्या बायका पदर डोक्यावर ओढून भिंतीला चिकटून उभ्या होत्या, कारण तिथे वीतभर सावली होती. पुढच्या माणसाचे काम झाले की सगळ्या तशाच भिंतीला घासत एक पाऊल पुढे सरकायच्या. एका आजींनी आपल्या नातवाला दोन पायांच्या मध्ये, स्वतःच्या सावलीत उभे केले होते. आत पदाधिकाऱ्यांच्या दालनात एसी चालू होता आणि तिथे कोणीही नव्हते. ज्याने हा नकाशा काढला त्याने एकदाही रांगेत उभे राहून पाहिले नाही, हे मला त्या दिवशी फार लागले. तेव्हापासून कोणताही नकाशा आला की खिडकीच्या बाहेर कोण, कुठे आणि किती वाजता उभे राहील, हे मी पेन्सिलने काढून बघतो.

म्हणून तळमजल्यावर मधोमध एक प्रशस्त दालन हवे. त्याला नागरी सुविधा केंद्र म्हणा किंवा आणखी काही. त्याची उंची निदान साडेचार मीटर असावी, म्हणजे गरम हवा वर जाते. बसायला बाके, टोकन क्रमांक सांगणारा फलक, पिण्याचे पाणी, अर्ज लिहायला उंच ओटा, आणि दारातच एक चौकशीचे टेबल. खिडकीची फळी दोन उंचींवर असावी, एक उभ्या माणसासाठी आणि एक बसून बोलता येईल अशी. शेवटच्या तारखेला, ३१ मार्चला, घरपट्टीची रांग बाहेर जाणारच. त्यामुळे दालनाबाहेर किमान तीन मीटर रुंद, उत्तरेकडचा किंवा पूर्वेकडचा ओटा छपराखाली असावा. ओटा आपल्याकडे घराघराला असतो. आल्या-गेल्याने टेकावे म्हणूनच तो बांधतात. पालिकेलाही तो हवाच.

महिलांचे स्वच्छतागृह आणि हिरकणी कक्ष याच दालनाला लागून ठेवावेत. जिन्याखाली, मागच्या बोळात नव्हे.

६. काचेची इमारत आधुनिक दिसते. तुम्ही तिला विरोध का करता?

ती आपल्या उन्हाला चालत नाही, म्हणून. जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. काचेतून ऊन आत येते, फरशी-टेबले तापतात आणि त्यांची उष्णता काचेतून तशी बाहेर जात नाही. बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीत बसून बघा, तेच पालिकेत होते. मग पडदे ओढतात, पडदे ओढल्यावर दिवे लावतात आणि वर एसी. म्हणजे उजेडासाठी काच लावली आणि भर दुपारी ट्यूबलाईट चालू. ते वीजबिल शेवटी घरपट्टीतूनच भरले जाते.

धुळीचाही प्रश्न आहे. उन्हाळ्यात वावटळी उठल्या की आठवड्याभरात काच मळकट होते. ती बाहेरून धुवायला झुला लागतो, माणूस लागतो, पाणी लागते. पाणी तर आपल्याकडे दिवसाआड, कुठे त्याहून उशिरा येते.

काच कुठेच नको, असे नाही. उत्तरेकडच्या भिंतीत मोठ्या खिडक्या अवश्य ठेवाव्यात. तिकडचा उजेड दिवसभर स्थिर असतो आणि फायली वाचायला उत्तम.

७. मग उन्हावर उपाय काय? एसीशिवाय भागेल का?

पूर्ण नाही, पण बरेच भागेल. इमारत लांबट असावी, लांब भिंतींची तोंडे उत्तरेला आणि दक्षिणेला, आखूड भिंतींची पूर्वेला आणि पश्चिमेला. याचे कारण सूर्याच्या मार्गात आहे. जळगाव साधारण २१ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचे ऊन फारसे पडतच नाही. २२ मार्चला दुपारी सूर्य ६९ अंशांवर असतो. त्या हिशेबाने दीड मीटर उंचीच्या खिडकीला ५८ सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम दोन फुटांचा छज्जा दिला, तर २२ मार्च ते २२ सप्टेंबर दुपारचे ऊन आत येत नाही. डिसेंबरात सूर्य ४५ अंशांपर्यंत उतरतो आणि तेच ऊन खिडकीच्या खालच्या भागातून आत येते, तेव्हा ते हवेसेच वाटते.

पश्चिमेला छज्जा कामाचा नाही. दुपारी चारचे ऊन आडवे येते आणि छज्जाखालून शिरते. त्या बाजूला जिना, स्वच्छतागृहे, भांडार अशा खोल्या ठेवून जाड भिंत घालावी. खिडकी हवीच असेल तर विटांची जाळी किंवा उभ्या पट्ट्या लावाव्यात. जूनमध्ये सूर्य किंचित उत्तरेकडून मावळतो. म्हणून उत्तरेच्या खिडक्यांनाही एक-दीड फुटाचे उभे आडोसे द्यावेत. ही गोष्ट बहुतेक नकाशांत राहून जाते.

सगळ्यात जास्त तापते ती गच्ची. आपली जुनी धाब्याची घरे आठवा. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या-काड्या आणि वर मातीचा जाड थर. दिवसाचे ऊन त्या मातीतून आत यायला संध्याकाळ उजाडायची. तोवर घर गार. रात्री मात्र खाली उकडायचे, म्हणून सगळे धाब्यावर झोपायला जात. पालिकेत रात्री कोणी झोपत नाही. कार्यालय सकाळी दहाला उघडते आणि सहाला बंद होते. म्हणून जड भिंत आणि जड छप्पर घरापेक्षाही कार्यालयाला जास्त मानवते: उष्णता आत पोहोचेपर्यंत कुलूप लागलेले असते. रात्री वरच्या झडपा उघड्या ठेवल्या, जाळी लावून, की सकाळपर्यंत भिंती निवतात. आजच्या सिमेंटच्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी घातली, तरी बराच फरक पडतो. सोलरच्या पाट्या उंचावर बसवल्या तर त्यांचीही सावली मिळते (प्रश्न १३).

एवढे केल्यावर एसी सभागृह, संगणकाची खोली आणि एक-दोन बैठकीच्या खोल्या, इतकाच लागतो. लोकांच्या दालनाला मोठे पंखे आणि कोरड्या महिन्यांत कूलर पुरतात. पावसाळ्यात कूलरने फक्त ओल वाढते, तेव्हा तो बंद ठेवावा.

८. मध्ये चौक ठेवला तर जागा वाया जात नाही का?

उलट, चौकाने बोळ वाचतात. मधला चौक सगळ्या खोल्यांना उजेड आणि वारा देतो, शिवाय खाती शोधणे सोपे होते. आत आलेल्या माणसाला समोरच सगळी दारे दिसतात. चौकवाड्यांचा हा गुण आपल्याला नवा नाही. फिनलंडमध्ये सायनात्सालो नावाच्या लहान गावाची पालिका अल्व्हार आल्टो यांनी विटांत बांधली, ती १९५२ साली पूर्ण झाली. थंडीचा देश, तरीही मधोमध चौक. जगभरचे आर्किटेक्ट ती बघायला जातात. गाव लहान होते म्हणून काम हलके केले नाही, याचे मला फार कौतुक आहे.

आपल्याकडे चौकात एक मोठे झाड हवे. कडुनिंब सगळ्यात बरा. चौक अरुंद आणि उंच असावा म्हणजे फरशीवर ऊन कमी वेळ राहते. चौकाला पत्र्याचे झाकण घालू नये. पुढे कोणीतरी ते घालतेच, आणि मग आतली हवा कोंडते.

९. आमच्याकडे काळी माती खोल आहे. पाया कसा असावा?

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया टाकला की भिंतीला तिरक्या चिरा जातात आणि दारे अडकू लागतात. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदून तिथे पाया टाकणे, हा सरळ उपाय. थर फार खोल असेल तर खाली फुगा असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया करतात, त्याला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तो याच मातीसाठी विकसित केला. जोत्यात खोदलेली काळी माती परत भरू देऊ नका, मुरूमच भरून घ्या. इमारतीच्या कडेने मीटरभर फरसबंदी करून पावसाचे पाणी लांब काढावे.

एकाच बोअरवर भागवलेला माती परीक्षण अहवाल स्वीकारू नये. नदीकाठच्या गावांत दहा पावलांवर थर बदलतो. तळघरातले पार्किंग अशा मातीत महागात पडते. शक्य तिथे टाळावे.

१०. भूकंपाचा विचार खान्देशात करावा लागतो का?

हो. भूकंप मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत तापीखोरे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात धरले आहे. पालिका ही संकटाच्या वेळी चालू राहिली पाहिजे अशी इमारत आहे, म्हणून तिचे गणित साध्या इमारतीपेक्षा वरच्या पातळीवर करावे लागते. तळमजला पूर्ण मोकळा, नुसत्या खांबांवर आणि वर जड भिंती, ही रचना धोक्याची. पार्किंगसाठी तसे करायचेच असेल, तर खालच्या मजल्यात काँक्रीटच्या भिंती घेतल्या आहेत का, हे विचारा.

११. रॅम्प दिला आहे, मग अपंगांची सोय झाली ना?

उतार मोजा. नियम एकास बारा असा आहे. जोते ९० सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्पची लांबी १०.८ मीटर लागते, आणि मध्ये थांबायला सपाट जागा धरली की बारा मीटरच्या वर जाते. चार मीटरमध्ये बसवलेला रॅम्प मालाच्या हातगाडीसाठी ठीक, व्हीलचेअरसाठी नव्हे. दोन्ही बाजूंना कठडा हवा, गुळगुळीत ग्रॅनाइट नको. सगळ्यात चांगले म्हणजे मुख्य दारापुढची जमीनच हळूहळू उंच करत आणावी, म्हणजे सगळे जण एकाच वाटेने आत येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला, तेव्हा ही सवलत राहिलेली नाही, हक्क आहे.

पाट्यांबद्दलही याच प्रश्नात लिहितो. मोठी ठळक मराठी अक्षरे आणि सोबत चित्र हवे: नळाचे, घराचे, बाळाचे. नंदुरबार, तळोदा, नवापूरकडे भिली, पावरी बोलणारी माणसे येतात, आमच्याकडे अहिराणी. वाचता न येणाऱ्याला चित्र समजते.

१२. दप्तरखान्याला एवढे महत्त्व का? आता सगळे ऑनलाइन झाले आहे.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायचे काम राज्यभर निघाले, तेव्हा जुन्या नोंदवह्यांची किंमत सगळ्यांना कळली. मोडीतल्या वह्या, लाल कापडात बांधलेले बस्ते उघडून एक एक पान पाहिले गेले. कुठे वाळवीने खाल्लेले, कुठे पावसाने शाई पसरलेली. ते पान गेले की त्या घराचा पुरावा गेला, संगणकात नंतर काही भरता येत नाही.

दप्तरखाना तळमजल्यावर, पण पुराच्या पातळीच्या वर असावा. वरच्या मजल्यावर स्वच्छतागृह असेल, तर त्याच्या खाली तो कधीही येऊ देऊ नये. वजनाचेही पाहावे. साध्या कार्यालयाची फरशी चौरस मीटरला २५० किलो भार धरून करतात, कागदांच्या साठ्याला ५०० किलो धरावा लागतो. नंतर आणलेली लोखंडी सरकती कपाटे साध्या स्लॅबवर ठेवली तर स्लॅब वाकतो. वाळवीची प्रक्रिया पाया भरतानाच करून घ्यावी. नोंदी बघायला येणाऱ्यासाठी एक टेबल आणि दिवा, एवढे तरी हवेच.

१३. पावसाचे पाणी आणि सोलर, यातून खरेच काही मिळते का?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. जळगावकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि गच्ची एक हजार चौरस मीटरची असली, तर सात लाख लिटर. वीस टक्के वाया गेले तरी साडेपाच लाखांवर उरते. स्वच्छतागृहे आणि झाडे त्यावर कित्येक महिने चालतात. टाकी भरल्यावरचे पाणी बोअरमध्ये गाळून सोडावे.

सोलरला एका किलोवॉटला दहा चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. ३०० चौरस मीटरवर ३० किलोवॉट, म्हणजे रोजचे १२० युनिट. कार्यालय दिवसाच चालते, त्यामुळे वीज तयार होते तेव्हाच वापरली जाते. पाट्या धुवायला गच्चीवर नळ आणि चालायला वाट ठेवायची आठवण करून द्यावी.

१४. वास्तुशास्त्राप्रमाणे नकाशा बदलायला सांगतात. काय करावे?

ज्यांची श्रद्धा आहे त्यांचा मान ठेवून सांगतो. सार्वजनिक इमारतीच्या मंजुरीत वास्तूचा नियम नाही. काही गोष्टी जुळतात: उत्तर-पूर्व मोकळी ठेवणे, नैर्ऋत्य बाजू जड ठेवणे आपल्या उन्हालाही सोयीचे आहे. तेवढे जरूर घ्यावे. पण मुख्य दार रस्त्याच्या विरुद्ध बाजूला नेणे, लोकांच्या खिडक्या पश्चिमेच्या उन्हात टाकणे, एखाद्या दालनासाठी तुळई हलवणे, याला नाही म्हणावे.

१५. उत्पन्नासाठी खाली गाळे काढले तर काय बिघडते?

हा विचार प्रत्येक गावात येतो. पालिकेला पैसा हवा असतो, हे मला मान्य आहे. पण रस्त्याकडची पूर्ण बाजू गाळ्यांना गेली, की पालिकेचे दार दोन दुकानांच्या फटीत येते आणि लोकांची खाती पहिल्या मजल्यावर चढतात. प्रश्न ५ आणि ११ मध्ये लिहिलेले सगळे तिथेच संपते. गाळ्यांपुढची वाहने, माल, फलक यांत इमारत हरवून जाते. शिवाय गाळ्यांचे करार, थकबाकी, नूतनीकरण यांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि तोवर पालिकेला स्वतःचा तळमजला वापरता येत नाही.

गाळे काढायचेच असतील तर त्याच आवारात वेगळ्या इमारतीत, वेगळ्या रस्त्यावर तोंड करून. उपाहारगृह, झेरॉक्स आणि अर्ज लिहून देणाऱ्यांची जागा मात्र मुख्य इमारतीत ठेवावी. ती लोकांच्या कामाचीच आहे.

१६. सभागृह आणि आगीच्या सोयी, यांत काय तपासायचे?

जळगावात ७५ सदस्य आहेत, धुळ्यात ७४. लोकसंख्या वाढली की सदस्य वाढतात, म्हणून आसने हलवता येतील अशी आणि निदान चौथा हिस्सा जादा जागा ठेवून सभागृह आखावे. मांडणी नालाच्या आकाराची असेल तर सदस्य एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. सगळीकडे ग्रॅनाइट आणि काच लावली तर आवाज घुमतो आणि माईक असूनही शब्द कळत नाहीत. मागच्या भिंतीला लाकडी पट्ट्या किंवा जाड कापड हवे. सभा लोकांनी ऐकायची असते, तेव्हा प्रेक्षकांची गॅलरी आणि तिचा स्वतंत्र जिना हवाच. राज्यात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सभागृहाजवळ महिला सदस्यांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे नसलेले नकाशे मी आजही पाहतो.

आगीबाबत: सभागृहाला दोन विरुद्ध बाजूंना दारे, दोन्ही बाहेर उघडणारी. कोणत्याही जागेवरून सुरक्षित जिन्यापर्यंत ३० मीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये. १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारत ठरते आणि तिथून नियम वाढतात. राज्याच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. दुसऱ्यांना नोटीस देणाऱ्या पालिकेने आपले प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे.

१७. नकाशा बघायला मिळत नाही. नागरिकाने काय करायचे?

माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नुसते ‘नकाशा द्या’ लिहू नका. स्थलदर्शक नकाशा, प्रत्येक मजल्याचा नकाशा, उभे छेद (इमारत उभी कापली तर आत कशी दिसेल ते चित्र), माती परीक्षण अहवाल, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता, असे एक एक नाव लिहा. रंगीत चित्रावरून काही ठरवू नये. त्यात झाडे नेहमी मोठी आणि आकाश निळे असते. उभा छेद बघा, त्यात छज्जा किती आणि उंची किती ते खरे कळते. पेन्सिल घ्या आणि रांग कुठे उभी राहील ते काढा.

जागेचे आरक्षण बदलायचे असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. मुदत एक महिन्याची असते. पेपरातली छोटी जाहिरात बघत राहा. आरक्षण बदलायचे नसेल, तर नकाशावर सुनावणी घेणे बंधनकारक नाही. तेव्हा तांत्रिक मान्यतेच्या आधी लेखी सूचना देणे हीच वेळ. त्यानंतर प्रत्येक बदलाला सुधारित अंदाजपत्रक लागते आणि कोणी हात लावत नाही.

१८. आमची छोटी नगरपंचायत आहे, वरून ठरावीक नकाशा आला आहे. तो बदलता येतो का?

ठरावीक नकाशा दिशा बघून केलेला नसतो. तोच नकाशा एका गावात पूर्वेला तोंड करून उभा राहतो, दुसऱ्यात पश्चिमेला. खोल्या त्याच ठेवून तो फिरवता किंवा आरशासारखा उलटा करता येतो, आणि त्याला फारसा खर्च येत नाही. छज्जे, जाळी आणि गच्चीचा थर स्थानिक पातळीवर ठरवता येतो. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा, इथला काळा दगड आणि कोबा ही सामग्री हाताशी आहे. तसा ठराव सभेत करून तांत्रिक मान्यतेसोबत जोडावा.

१९. काम सुरू झाले आहे, खांब उभे राहिले आहेत. आता काही करता येईल का?

खांब हलत नाहीत, बाकी बरेच हलते. विटांच्या भिंती अजून झाल्या नसतील तर लोकांच्या खिडक्यांची बाजू बदलता येते. पश्चिमेच्या काचेऐवजी जाळी घेता येते आणि त्यात पैसे वाचतातच. स्लॅब झाला असेल तरी कोबा, पांढरी फरशी, वरच्या झडपा, दालनाबाहेर लोखंडी खांबांवर कौलांची पडवी, हे सगळे शक्य आहे. इमारत वापरात आली असेल, तर आधी दोन गोष्टी करा: दाखल्यांची खिडकी तळमजल्यावर आणा, आणि पश्चिमेकडे कडुनिंबाची ओळ लावा. पाणी घातले तर पाच-सहा वर्षांत तो पहिल्या मजल्याच्या खिडकीला येतो.